हार्मोन आणि मेंदू: सतत येणारे प्रश्न, एकदाच दिलेली उत्तरं

वयात येणं, पाळी, बाळंतपण, पाळी जाणं यांवर काहीही लिहिलं की पाठोपाठ प्रश्न येतात, आणि त्यांतले निम्मे तरी आधी कुणीतरी विचारलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. खासगी तपशील काढले आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. ओळीने वाचायची गरज नाही. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. लैंगिक हार्मोन म्हणजे नेमके कोणते, आणि ते मेंदूत शिरतात कसे?

मुख्य घराणी तीन: इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉन यातलंच). तिन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. त्यापासून टप्प्याटप्प्याने प्रोजेस्टेरॉन, पुढे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यापासून इस्ट्रोजेन तयार होतं. शरीरातलं इस्ट्रोजेन आदल्या पायरीवर अँड्रोजेन असतं, हे ऐकून बरेच जण चमकतात.

हे रेणू स्निग्ध असल्यामुळे मेंदूभोवतीची रक्ताची गाळणी त्यांना अडवत नाही. पेशीत गेल्यावर ते आपापल्या ग्राहीला (हार्मोनला धरून त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात आणि काही जनुकं चालू, काही बंद करतात. या कामाला तास-दिवस लागतात. काही परिणाम मात्र पेशीच्या पटलावरच, मिनिटांत होतात. ग्राही सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. हार्मोनचा कारभार बघणारा हायपोथॅलॅमस, भावनांशी संबंधित अमिग्डला आणि आठवणींचा हिप्पोकॅम्पस इथे त्यांची दाटी आहे. इस्ट्रोजेनचा एकच ग्राही आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. दुसरा, बीटा नावाचा, १९९६ मध्ये सापडला.

२. टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं आणि इस्ट्रोजेन बायकांचं, असंच ना?

नाही. दोन्ही दोघांत असतात, प्रमाण वेगळं. तरुण बाईच्या रक्तातसुद्धा बहुतेक दिवस वजनाने टेस्टोस्टेरॉनच इस्ट्रोजेनपेक्षा जास्त भरतं. आणि साठीतल्या जोडप्याचं रक्त तपासलं, तर इस्ट्रोजेन सहसा आजोबांच्या नळीत जास्त निघेल.

पुरुषाला त्याची गरजही असते. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करून ते बाहेरून दिलं, आणि काहींमध्ये त्याचं इस्ट्रोजेन होणंही रोखलं. इस्ट्रोजेन रोखलेल्यांच्या अंगावर चरबी वाढली आणि कामेच्छाही उतरली. जिममध्ये इस्ट्रोजेन मारणाऱ्या गोळ्या सुचवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

३. हार्मोन वागणं बदलतात हे पहिल्यांदा कुणी दाखवलं?

शेतकऱ्याला ते हजारो वर्षं माहीत आहे. वळू आणि बैल यांच्यातला फरक खच्ची करण्याने पडतो. अनुभवी माणूस आणखी एक गोष्ट सांगेल: खोंड लहानपणीच खच्ची केला तर वेगळा निघतो आणि पुरता वाढल्यावर चिमटा लावला तर वेगळा. उशिरा केलेल्याची मान, वशिंड आणि थोडा मस्तवालपणा शिल्लक राहतो. पुढची बरीच उत्तरं या एका निरीक्षणावर उभी आहेत.

प्रयोगशाळेतली सुरुवात १८४९ मधली. जर्मनीत ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले. ते पक्षी आरवेनात, भांडेनात. काहींच्या पोटात वृषण परत ठेवला, तर तुरा, आरवणं, झुंजणं सगळं परतलं. मूळच्या नसा तुटलेल्या असूनही हे झालं, म्हणजे निरोप रक्तातून जात होता.

४. मुलाचा मेंदू, मुलीचा मेंदू हे गर्भातच ठरतं का?

इथे दोन वेगळी कामं समजून घ्यावी लागतात. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात फीनिक्स, गॉय, जेरॉल आणि यंग यांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांना मादीचे हार्मोन देऊनही त्या मादीसारख्या पुरेशा वागल्या नाहीत, उलट नरासारखं चढणं वाढलं. प्रौढपणी दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने असा कायमचा बदल होत नाही. म्हणजे लहानपणीच्या ठरावीक काळात हार्मोन मेंदूची घडण करतात, आणि पुढे तेच हार्मोन त्या घडणीला जागं करतात. घराची वायरिंग आणि दिव्याचं बटण, असं म्हणा. प्रश्न ३ मधला उशिरा खच्ची केलेला बैल आठवा: बटण बंद, वायरिंग जुनीच.

उंदरांमध्ये यात एक गंमत आहे. नर पिल्लाच्या मेंदूला 'नर' करण्याचं बरंचसं काम टेस्टोस्टेरॉन स्वतः करत नाही. मेंदूतलं अॅरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) त्याचं इस्ट्रोजेन करतं आणि ते इस्ट्रोजेन काम करतं! मग आईच्या इस्ट्रोजेनमुळे मादी पिल्लं नर का होत नाहीत? कारण त्यांच्या रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन ते इस्ट्रोजेन धरून ठेवतं, मेंदूत जाऊ देत नाही. २००६ मध्ये हे प्रथिनच नसलेल्या माद्या तपासल्या, तर त्यांचा मेंदू नराच्या वळणावर गेलेला दिसला.

घडण म्हणजे प्रत्यक्षात काय? कुठल्या पेशी मरायच्या, कुठल्या जगायच्या आणि कुणी कुणाशी जोडून घ्यायचं, हे. उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये नरात मादीपेक्षा कितीतरी मोठा असलेला पेशींचा एक पुंजका रॉजर गोर्स्की यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवला. मादीत त्या जागच्या पेशी जन्मानंतर मोठ्या संख्येने मरतात. नरात हार्मोन त्यांना वाचवतात.

माणसात मुलग्याचे वृषण गर्भारपणाच्या साधारण ८ व्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत ते पुन्हा एकदा वर उसळतं आणि सहा महिन्यांपर्यंत ओसरतं. पण उंदराचं गणित माणसाला जसंच्या तसं लावू नका. का, ते प्रश्न ५ मध्ये.

५. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. मग माणसाबद्दल कशावरून बोलता?

निसर्गानेच केलेल्या प्रयोगांवरून. चार उदाहरणं बघू.

काही व्यक्तींची गुणसूत्रं एक्सवाय (पुरुषांची असतात तशी), पोटात वृषण, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण अँड्रोजेनचा ग्राही पूर्णपणे निकामी असतो. शरीर बाहेरून स्त्रीचं होतं. बहुधा वयात आल्यावर पाळी न आल्यामुळे हे कळतं. यांच्या शरीरात इस्ट्रोजेनही बनतं आणि त्याचे ग्राही धड असतात. उंदराचा नियम (प्रश्न ४) लागू असता तर मेंदू 'पुरुषी' व्हायला हवा होता. पण बहुतेक जणी स्वतःला स्त्रीच मानतात.

उलट बाजू: अॅरोमॅटेजच नसलेले पुरुष. त्यांच्या मेंदूत इस्ट्रोजेन बनत नाही, तरी ते स्वतःला पुरुषच मानतात. दोन्ही मिळून असं दिसतं की माणसात अँड्रोजेन थेट, इस्ट्रोजेनचा वळसा न घेता, जास्त काम करतं.

तिसरं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतल्या दोषामुळे गर्भातच जास्त अँड्रोजेन मिळालेल्या मुली. या सरासरीने गाड्या, ठोकळे यांच्याशी जास्त खेळतात. मुलांना वाढवताना पालकच तसं वळण देत असतील, ही शंका रास्त आहे. ती तपासली गेली, तर हे पालक उलट बाहुल्यांशी खेळायलाच जास्त उत्तेजन देताना दिसले. तरीही यांतल्या बहुसंख्य मुली मोठेपणी स्वतःला स्त्रीच समजतात. खेळाची आवड आणि 'मी कोण' ही जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून घ्यावं.

चौथं, डोमिनिकन प्रजासत्ताकातली काही कुटुंबं, ज्यांच्याबद्दल १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. टेस्टोस्टेरॉनपासून त्याचं अधिक जहाल रूप बनवणारं विकर या मुलांत कमी होतं. जन्मतः मुली म्हणून वाढलेल्यांचं शरीर वयात येताना पुरुषी झालं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. पण त्या समाजात पुरुष असण्याचे फायदेही होते. हार्मोन किती, समाज किती, हे या उदाहरणात वेगळं काढता येत नाही.

६. बाईचा आणि पुरुषाचा मेंदू वेगळा असतो का? एका वाक्यात सांगा.

सरासरीत फरक आहेत, पण एक मेंदू हातात घेऊन तो कुठल्यातरी एका ठशाचा आहे असं क्वचितच म्हणता येतं.

एक वाक्य पुरत नाही म्हणून थोडं पुढे. पुरुषांचा मेंदू सरासरी दहा-अकरा टक्के मोठा भरतो, त्यातलं बरंचसं अंगकाठीचं. २०१५ मध्ये तेल अवीवच्या डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १,४०० हून अधिक मेंदूंचे एमआरआय पाहिले. सगळीकडून 'पुरुषी' किंवा सगळीकडून 'बायकी' मेंदू फार थोडे निघाले, बाकीचे गोधडीसारखे, तुकड्यातुकड्यांचे. इतरांनी लगेच दाखवलं की सगळे तुकडे एकत्र मोजले तर संगणक स्त्री की पुरुष हे बहुतेक वेळा ओळखतो. दोन्ही खरं आहे. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो म्हणून नाक पुरुषी किंवा बायकी ठरत नाही.

७. आमच्या जुळ्यांत एक मुलगा, एक मुलगी. गावाकडे म्हणतात की मुलगी वांझ निघते. खरं आहे का?

नाही, निश्चिंत राहा. ही समजूत गोठ्यातून आली असणार, आणि गोठ्यात ती खरी आहे. गाईला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं तर त्यातली दहापैकी नऊ कालवडी वांझ निघतात. गाईत दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीच्या रक्तात येतात. फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्ये हे उलगडलं. माणसाच्या अशा जुळ्यांत वार वेगवेगळी असते आणि रक्तवाहिन्या सहसा जुळत नाहीत.

८. मुलगा १४ वर्षांचा आहे. वर्षभरात एकदम बदलला, दारं आपटतो. हे हार्मोनच ना?

काही अंशी. वयात येण्याची सुरुवात मेंदूतच होते. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी किसपेप्टिन नावाचं निरोप्या रसायन सोडतात आणि मग पुढची साखळी हलते. (याच्या जनुकाचा शोध लागला अमेरिकेतल्या हर्शी गावात, आणि नाव पडलं तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून. शास्त्रज्ञांनाही चेष्टा सुचते.) वयात येण्यात त्याचा हात आहे हे २००३ मध्ये कळलं.

हे हार्मोन फक्त बटण दाबत नाहीत. प्राण्यांवरच्या कामावरून दिसतं की वयात येणं हा घडणीचा दुसरा काळ आहे (पहिला प्रश्न ४ मध्ये). बक्षिसाची आणि भावनेची यंत्रणा लवकर तापते. लगाम धरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. झोपेची वेळही खरोखरच पुढे सरकते, तो आळस नाही.

पण रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा आणि आपटलेली दारं यांचं थेट नातं दिसत नाही. शाळा, मित्र, मोबाइल, घरातली भांडणं हे सगळं सोडून हार्मोनवर खापर फोडणं सोयीचं असतं, एवढंच.

९. पाळीच्या आधी आठवडाभर मी वेगळीच बाई होते. तपासणीत मात्र हार्मोन 'नॉर्मल'. मग मी नाटक करते का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर एका सुंदर प्रयोगात आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांची अंडाशयं औषधाने तात्पुरती गप्प केली. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परत आला. तेच हार्मोन, त्याच मात्रेत, त्रास नसलेल्या स्त्रियांना दिले. त्यांना काहीच झालं नाही.

म्हणजे हार्मोनची पातळी सारखीच, पण ती झेलणारा मेंदू वेगळा. म्हणून तुमचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि म्हणूनच त्रासही खरा असतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अॅलोप्रेग्नॅनोलोन बनतं. एरवी ते शामक गोळीसारखं शांत करतं, पण काही जणींत त्याच्या चढउताराने उलटच होतं.

त्रास कामावर, नात्यांवर येत असेल तर दोन महिने रोज तारखेसह नोंद करा आणि ती घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रक्ततपासणीपेक्षा ती वही जास्त बोलते.

१०. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या विकारात) टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग मेंदू पुरुषी होतो का?

नाही. घडणीचा काळ (प्रश्न ४) केव्हाच मागे पडलेला असतो. उदासी आणि चिंता या स्त्रियांत जास्त आढळते हे मात्र खरं, आणि त्यात वजन, चेहऱ्यावरचे केस, मूल होईल का याची धास्ती यांचाही वाटा आहे. चौकशी करणाऱ्या नातेवाइकांचाही.

११. बाळंतपणानंतर मेंदू खरंच आक्रसतो?

गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन जितकं चढतं तितकं आयुष्यात एरवी कधीच चढत नाही. एल्सलीन होकझेमा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पहिलटकरणींचे गर्भारपणाआधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांत करडा थर कमी झाला होता आणि दोन वर्षांनीही तो तसाच होता. स्मरणशक्तीत मोजण्याजोगी घट मिळाली नाही. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी ओढही जास्त होती. झाडाची छाटणी म्हणतो तसं काहीतरी. आक्रसणं हा शब्द उगाच घबराट पसरवतो.

बाळंतपणानंतर मात्र हार्मोन काही दिवसांत कोसळतात. बाळंतिणीचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते 'होतं असं' म्हणून सोडू नका. अॅलोप्रेग्नॅनोलोन (प्रश्न ९) हेच औषध म्हणून या आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं.

१२. पाळी जाताना अंगातून वाफा निघतात. त्यांचा मेंदूशी काय संबंध?

पूर्ण संबंध. इस्ट्रोजेन उतरलं की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशींचा लगाम सुटतो. निधन झालेल्या स्त्रियांच्या मेंदूंत, पाळी गेलेल्या वयात या पेशी फुगलेल्या असतात हे नाओमी रान्स यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. त्या न्यूरोकायनिन बी हे निरोप्या रसायन सोडतात आणि शेजारच्या तापमान-नियंत्रकाला वाटतं अंग तापलंय. मग घाम, धडधड, पंखा लावा. न्यूरोकायनिनचा ग्राही अडवणारं, हार्मोन नसलेलं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

प्रोस्टेट कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन बंद केलेल्या पुरुषांनाही अशाच वाफा येतात. एका वाचकाने लिहिलं होतं, "आता बायकोला काय म्हणायचं ते कळलं."

या वर्षांत शब्द न सुचणं, ठेवलेली वस्तू न सापडणं हेही होतं. बहुतेकींत ते निवळतं, आणि ते स्मृतिभ्रंशाचं लक्षण नसतं.

१३. ३५ व्या वर्षी पिशवी काढली. डोक्यावर परिणाम होईल का?

आधी एक गोष्ट शोधा: फक्त गर्भाशय काढलं की अंडाशयंही? आपल्याकडे दोन्हीला 'पिशवी काढली' म्हणतात आणि गल्लत तिथेच होते. फक्त गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं हार्मोन बनवत राहतात (काही जणींत ती थोडी लवकर थकतात). दोन्ही अंडाशयं काढली तर जी उतरण एरवी काही वर्षांत होते ती एका रात्रीत होते.

मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की पाळी जाण्याआधी अंडाशयं काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृती मंदावण्याचा धोका जास्त होता, आणि वय जितकं कमी तितका तो अधिक. ज्यांनी पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं त्यांच्यात मात्र हा जादा धोका दिसला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सरकारी सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यावेळी चर्चा झाली ती खाडे, मुकादम आणि दवाखान्याच्या बिलांची. ती योग्यच होती. पण अंडाशयं ठेवली का, नसतील तर पुढे हार्मोन दिले का, हे फारसं कुणी विचारलं नाही. तुमच्या शस्त्रक्रियेचे कागद असतील तर डॉक्टरांना दाखवून हे विचारून घ्या.

१४. मग पाळी गेल्यावर सगळ्यांनीच हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? मेंदू टिकेल ना?

मेंदू टिकवण्यासाठी म्हणून, नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या साडेचार हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दिलं आणि निम्म्यांना नकली गोळी. २००३ मध्ये निकाल आला: हार्मोन घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश, न घेणाऱ्यांत २१.

हे प्रश्न १३ च्या उलट वाटतं. फरक वेळेचा आहे. तिथे हार्मोन खंड न पडू देता दिले होते, इथे पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर. पाळी जाण्याच्या सुमारास सुरू करून मेंदू वाचतो का, हेही तपासलं गेलं, आणि काही वर्षांच्या पाठपुराव्यात स्मृतीला ना फायदा दिसला ना तोटा. वाफांसाठी, झोपेसाठी, हाडांसाठी घेणं हा वेगळा निर्णय आहे, तो डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

१५. टेस्टोस्टेरॉनमुळे माणूस आक्रमक होतो, हे तरी खरं?

बैलाबाबत बरंचसं. माणसात नातं सैल आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिकच्या प्रयोगात स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनची एक मात्रा किंवा नकली गोळी दिली आणि पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला लावला. हार्मोन मिळालेल्यांनी जास्त न्याय्य वाटणी देऊ केली. आणि 'आपल्याला हार्मोन मिळालंय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी, खरं काय मिळालं ते काहीही असो, जास्त अन्याय्य! हार्मोनपेक्षा त्याच्या कीर्तीनेच माणूस बिघडला.

१६. जिममध्ये ट्रेनर इंजेक्शन सुचवतोय. मेंदूवर काय होईल?

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की हायपोथॅलॅमसला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणांना आज्ञा देणं बंद करतो. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात. मोठ्या मात्रेत काही जणांना चिडचिड, उन्माद होतो. बंद केल्यावर स्वतःची यंत्रणा जागी व्हायला महिने लागतात, आणि त्या काळात खोल उदासी येऊ शकते. नकार द्या.

१७. सोयाबीन खाऊन मुलगे बायकी होतात का?

नाही. सोयातले इस्ट्रोजेनसारखे रेणू फार दुबळे असतात आणि नेहमीच्या खाण्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बदलत नाही. लातूरच्या बाजारात याचा धसका कुणी घेतलेला नाही.

१८. मग सगळं हार्मोनच ठरवतात? जनुकांचं आणि माणसाच्या जगण्याचं काय?

पाळीव पक्ष्यांच्या दुकानातली झेब्रा फिंच आठवा. यातला नरच गातो, आणि गाण्याचा मेंदूतला भाग त्याच्यात मोठा असतो. २००३ मध्ये एक विलक्षण पक्षी अभ्यासला गेला: उजवं अंग जनुकांनी नर, डावं मादी. रक्त एकच, हार्मोन दोन्ही बाजूंना तेच. तरीही गाण्याचा भाग उजवीकडे मोठा होता. म्हणजे पेशीची स्वतःची जनुकंही बोलतात.

आणि जगणं उलट दिशेने हार्मोनवर काम करतं. फिलिपीन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलं आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांचं सुरुवातीला जास्त होतं त्यांना जोडीदार मिळून मूल होण्याची शक्यता जास्त निघाली, आणि बाप झाल्यावर त्यांचं पुष्कळ खाली आलं. त्यातही रोज तीन तास किंवा अधिक मुलाचं करणाऱ्या बापांचं, मुलाला हातही न लावणाऱ्यांपेक्षा कमी होतं.